फाटक कोणी लावलं

सान आंतोनियो, गुरुवार

आदरणीय आतेबहीण ओर्तेन्सिया हिला,

धाकट्या मामेबहिणीचा नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच). तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि आता माझं अक्षर दिसत असेल, असं धरून चालते. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते जास्त आहे. शनिवारी काय घडलं ते त्यांना कळलं, तर तो कमीच आहे म्हणतील.

शनिवारी आमचं ज्येष्ठांचं कॅमेरा मंडळ ला टोर्काझा रांचवर गेलं होतं. होय, तेच, जिथे आपल्या आजोबांनी तीस वर्षं गुरं राखली. आता तिथे संग्रहालय आहे, आणि थोडी लांबशिंगी गुरं दाखवायला ठेवली आहेत. आमच्यातला जो फोटो सर्वांत चांगला ठरेल तो जुन्या घराच्या जेवणघरात लागणार, खाली नावासकट. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर हॅव्हर्टी यांनी ती जागा मनात आधीच बळकावली होती. ते निवृत्त दंतवैद्य. तीन लेन्स, एक तिपाई, आणि फोटो काढताना समोरच्याला अजून तोंड उघडायला सांगतात.

पोचल्या पोचल्या मुकादम लिआंद्रोने आम्हाला रांगेत उभं करून बजावलं, की फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद दिसलं तर बंदच. दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. ज्या बाईने शाळेची आठ वर्षं सिस्टर बेनेडिक्टांच्या हाताखाली काढली (दार उघडं टाकलं की बोटांवर पट्टी) आणि एकतीस वर्षं कोर्टाचं दप्तर सांभाळलं, तिला हा माणूस फाटक शिकवतो.

मग मी जेवणघर बघायला गेले, आणि ओर्तेन्सिया, माझे पाय जागीच थांबले. भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीचा फोटो आहे. मधे मालक, शेजारी त्याचा घोडा, आणि घोड्याचा लगाम धरून आपले आजोबा. उजव्या हाताला अंगठा नाही. दोराच्या फासात गेलेला तोच. खाली मालकाचं नाव आहे. घोड्याचंही आहे, सुलतान. आणि आजोबांच्या जागी लिहिलंय, ‘अनामिक गुराखी’. तिथल्या बाईंना मी सांगितलं की या माणसाचं नाव सेवेरियानो कांतू. त्या गोड हसून म्हणाल्या, लेखी पुरावा लागेल. घोड्याने कोणता दाखला आणला होता, असं मी विचारलं.

त्या तिरमिरीत मी कॅमेरा घेऊन बाहेर पडले. तुला काय सांगू, ऊन असं काही तिरपं पडलं होतं की काटेरी तारसुद्धा देखणी दिसत होती. हॅव्हर्टी गोठ्याच्या आवारात, गुरांना पाणी पाजायच्या हाळाशेजारी, तिपाई लावून पवनचक्कीचा फोटो घेत होते. आवाराचं फाटक बंद होतं. अकराच्या सुमाराला माळावरून पन्नासेक गुरं पाण्यावर आली आणि फाटकाशी अडली. नुसतं हंबरणं. मागे धूळ, धुळीत ऊन, आणि फाटकावरून ही शिंगांची रांग. मी एकच फोटो काढला. एकच, पण मला घेताक्षणीच कळलं.

तेवढ्यात लिआंद्रोने येऊन फाटक सोडलं. गुरं सुटली ती थेट हाळाकडे, आणि मधे हॅव्हर्टी. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस पवनचक्कीच्या शिडीवर अर्ध्यापर्यंत चढला. तिपाई गेली. मग सगळे विचारत सुटले, उघडं फाटक लावलं कोणी? हॅव्हर्टी वरूनच म्हणाले, “युलालियाबाईंना विचारा, मघाशी त्याच इथून गेल्या.” मी म्हटलं, “शिडीवरून आरोप करू नका, आधी खाली या.” ते आले नाहीत. जेवताना कोणी माझ्याजवळ बसलं नाही. शेंगांची आमटी आणि भाजलेलं मांस मी एकटीने, ताठ मानेने खाल्लं.

घरच्या सर्वांना आठवण सांग. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझी,
युलालिया

ता. क. आजीच्या अंत्यविधीनंतर तू तिच्या पेटीतून घेतलेला फोटो म्हणजे जेवणघरातल्या याच फोटोची प्रत, आणि तिच्या मागे आजीने सगळ्यांची नावं लिहिली आहेत. त्यावरून मी तुला अठ्ठावीस वर्षांपूर्वी जे बोलले ते शब्द मागे घेते (सगळे नाही, चोर हा तेवढा). तो फोटो पाठव. रजिस्टर पोस्टाने.

ता. क. दुसरा. फाटक मीच लावलं. कडी सैल होती, म्हणून तू दिलेल्या, माझ्या गळ्यातल्या जांभळ्या रुमालाने बांधलं. लिआंद्रोने तो सोडून खिशात टाकला आणि कोणाला काही बोलला नाही. बसमध्ये चढताना माझ्या हातात घडी ठेवून म्हणाला, “आजोबा इथले होते म्हणता ना बाई? मग त्यांनी एवढं तरी शिकवायला हवं होतं.”

ता. क. तिसरा. स्पर्धेला मी तोच फोटो दिलाय. रुमाल मधोमध, स्वच्छ दिसतो. आता हॅव्हर्टींनाही दिसेल. पण तो भिंतीवर लागला, तर समोर आजोबा असतील, नावासकट. मग फाटकाबद्दल ते जे म्हणतील ते मी ऐकून घेईन.