छत नसलेल्या गाडीचा कणा

प्रिय बर्नार्ड,

गंज खाल्लेले दाराखालचे पत्रे तू एका झपाट्यात कापलेस आणि तुझी लाडकी उघडी स्पोर्ट्स गाडी मधोमध वाकली. दारं लागेनात. "घेऊन जा ताई, नाहीतर भंगारात घालतो," म्हणालास आणि तेव्हापासून पान्याला हात लावला नाहीस.

शेजारचा ट्रेव्हर रोज डोकावायचा. "एडिथ, गाडी आहे की केळं? माती भर आणि फुलझाडं लाव!"

"लावते. पाणी घालायला तुलाच ठेवीन," मी म्हटलं.

छत नसलेल्या गाडीला कणा तेवढाच, दाराखालचा. म्हणून आधी जॅक लावून तिला सरळ केलं, दारांच्या चौकटीत लोखंडी दांडे आडवे जोडले आणि मगच नवे जाड पत्रे वेल्ड केले. मग दांडे काढले. एका बोटानं दार लोटलं. खट्कन लागलं! ट्रेव्हरनं टोपीच काढली.

बोट मिळालं की माणूस मनगट धरतो. पाच गिअरचा गिअरबॉक्सही बसवला आणि काल स्नेक पासच्या घाटात निघाले. पाऊस भुरभुरत होता, पण कापडी छप्पर ओढेल तो आपल्यातला कसला? वेग धरला की पाऊस डोक्यावरून जातो. गाडी मांजरीसारखी घाट चढली. समोरून उघड्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं हात केला, तेव्हा मी पोरीसारखी ओरडले.

हे पत्र टाकत नाही, वाचून ओशाळशील. रविवारी गाडीच घेऊन येते. मी शेजारी बसणार, चालवायची तू.

तुझी थोरली,
एडिथ