मामाचा शब्द

१४ जून

पुन्हा म्वांडिदा! एनेलेसीची, माझ्या बहिणीची पोर. चार मैल चालत आली नि उंबऱ्यातच बसली. "मामा, मला सोडवा." जशी मोळीतली काडी!

तिचा नवरा लायसन जोहान्सबर्गला जाऊन चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी एक ब्लँकेट पाठवलं, मग काही नाही. आता म्हणे तिकडे दुसरी बायको, दोन पोरं. आमच्यात नवऱ्यानं बायकोच्या गावी यायचं, घर बांधायचं, सासूचं शेत खणायचं. या शूरानं चार भिंती घातल्या नि छपरासाठी कमवून आणतो म्हणून निघाला. भिंतींवर भोपळा चढलाय. नादान!

मका बुडाला त्या वर्षी पोरीला सातवीतून उठवून लग्नाला उभी केली ती मीच. घरात कुदळ धरणारे दोन हात आले, एवढाच हिशेब. पण लग्न ते लग्न. दोन्हीकडच्या मामांनी बांधलेलं, त्या दोघांनीच सोडायचं.

१५ जून

मिशनच्या शाळेतली कविता दिवसभर ओठांवर. नवरा समुद्रावर, बाई किनाऱ्यावर दिवा लावतेय — वीस वर्षं! शिकवताना आमचे मास्तर डोळे पुसत. कसली माणसं होती! आणि आताच्या पोरी? पायात चहाच्या मळ्याचे रबरी बूट, तोंडात "सोडवा".

२ जुलै

बैठक झाली. लायसनचा मामा नामाख्वा कोट घालून आला. तीनदा कोंबडी वाढून घेतली, मग हात चाटत म्हणतो, "आमचा मुलगा परमुलखात राबतो, आणि ही मळ्याच्या ट्रकमध्ये मुकादमाशेजारी बसून येते!"

एनेलेसी चटईवरूनच ओरडली, "राबतो? कुणाच्या चुलीसाठी रे, कोटवाल्या?"

म्वांडिदा खाली मान घालून. मामानं विचारल्याशिवाय बाईनं बोलायचं नसतं. मी विचारलं नाही. उभा राहिलो नि ती कविता म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ न चुकता.

मग एनेलेसी — "दादा, ती दिवेवाली बाई खात काय होती? नि वीस वर्षं रॉकेल कोण देत होतं तिला?"

बायका चटयांवर लोळून हसल्या! तोंडात नेसूच्या कापडाचं टोक कोंबून. अडाणी कुठल्या.

मी निकाल दिला : पुढच्या वर्षी तूर निघेपर्यंत थांबायचं. नामाख्वानं लगेच मान डोलावली. त्या खादाडाशी माझं एकमत झालं, याचीच जास्त किळस आली.

९ जुलै

एनेलेसीचा निरोप नाही. बसू दे फुगून.

२१ जुलै

बाजारात मीठ घेताना दुकानदाराकडून कळलं. एनेलेसीनं माझ्या जागी ग्रेवाझियोला बसवलं — म्वांडिदाचा भाऊ, सायकली दुरुस्त करतो, कवितेची एक ओळ येत नाही. मुखियानं मानलं. नामाख्वाला बोलावलं, दुपारच्या आत म्वांडिदा मोकळी.

तसाच गेलो जाब विचारायला. ग्रेवाझियोच्या दारात चटया टाकून सात बायका बसलेल्या. सगळ्या आमच्याच कुळातल्या. प्रत्येकीला कधी ना कधी मीच "थांब" म्हणून परत पाठवलेली. ग्रेवाझियो पहिलीला म्हणाला, "ताई, तू बोल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी जाईपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.