दोर धरणारी

३ फेब्रुवारी

किती महिन्यांनी तुला उघडते आहे ते विचारू नकोस. माफी मागते. कॉलेजातली प्रयोगशाळा बंद झाली, लेक वसतिगृहात गेली, आणि रोज लिहावं असं घरात काही घडेनासं झालं. आज मात्र लिहायला आहे. नवं शहर, नणंदेचं घर आणि चक्क नवी नोकरी.

नणंदेला घरात सगळे बारकी म्हणतात. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणे. आता दारातून वाकून आत येते. शिकली शिल्पकला, पण हल्ली दगडापेक्षा स्वतःच्या शरीरावरच काम करते. बर्फावर पडून राहते, हात वर करून दिवसभर उभी राहते, आणि लोक येऊन बघतात. सासूबाई चारचौघांत तिला ड्रॉइंगची बाई म्हणतात आणि विषय बदलतात.

दारातच तिने मला उचलून गोल फिरवलं. म्हणाली, वहिनी, तू तर अगदीच हलकी निघालीस, मला जड माणूस हवं होतं. दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. खोलीला मोठी खिडकी आहे, उशी नवी आहे. बरं वाटतंय.

५ फेब्रुवारी

काम समजलं. जागा म्हणजे एक जुनं गोदाम, आतून पांढरं रंगवलेलं. मधोमध दगडी चौथरा, त्यावर बारकी उताणी झोपते. तिच्या छातीच्या वर लहानशा फ्रीजएवढा लोखंडी ठोकळा टांगलाय. त्याचा दोर छतातल्या कप्प्यांच्या चाकांवरून येतो, एका खुंटाला वळसे घेतो आणि माझ्या स्टुलापाशी संपतो. वळशांमुळे भार वाटला जातो. माझ्या हातात भाजीच्या भरल्या पिशवीएवढाच येतो. मी सोडला, तर ठोकळा खाली.

बघणाऱ्यांपैकी कुणालाही दोर मागता येतो. मी द्यायचा, आणि ते कंटाळले की परत घ्यायचा. बारकीने मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. नियम तिचाच.

ठोकळा टांगणारे वेल्डरदादा त्याला सासूबाई म्हणतात. डोक्यावर बसणारं दुसरं कोण, ताई? माझ्या सासूबाई म्हणजे बारकीचीच आई, हे कळल्यावर बिचारे कानापर्यंत लाल झाले. बारकी मात्र खिदळत होती.

हे काम मलाच का, असं तिला विचारलं. म्हणाली, गॅस बंद केलाय का हे तीनदा उठून बघणारी बाई मला दुसरी माहीत नाही. ज्या सवयीवरून घरभर माझी थट्टा होते, तिची कुणाला गरज पडली याचं सुख झालं, हे कबूल करते.

शिवाय एक साखळी आहे. ठोकळ्यापासून तुळईवरून येऊन ती खांबाआड लपते आणि तिचा आकडा माझ्या पाठीमागच्या कडीत अडकतो. दोर सुटलाच तर ठोकळा छातीच्या वीतभर वर थांबेल. लोकांना हे ठाऊक नाही. रोज सकाळी आकडा अडकवणं माझं काम. मला ही लबाडी वाटली, तसं म्हटलंही. तिने उलट विचारलं की साखळी नसती तर तू आली असतीस का. नसते आले.

९ फेब्रुवारी

गर्दी वाढतेय. एक निवृत्त वाटणारे गृहस्थ दोर धरून मुकाट रडले. त्यांच्यामागून एक पिशवीवाली बाई आली. तिने मुद्दाम दोर जरा सैल केला. ठोकळा उतरला, लोकांचे श्वास अडकले, आणि ती फिस्सकन हसली. बारकीची पापणीही हलली नाही. मी जवळजवळ हिसकावूनच दोर परत घेतला.

पण खरं लिहायचं तर, तो हातात आल्यावर मलाही वाटून गेलं, किती सोडला की ठोकळा किती उतरत असेल? नुसतं कुतूहल. प्रयोगशाळेत वर्षं काढलेल्या बाईला असं वाटणारच.

असं मी स्वतःला सांगितलं. पटलं का? बहुतेक.

१३ फेब्रुवारी

न्याहारीला हातातून कप पडला. बारकी म्हणाली, निसटला असेल, दमलीस तू. मी हो म्हटलं.

कप निसटला नाही. बोटं उघडली. मी बघत होते, सावकाश एकेक उघडलं.

१६ फेब्रुवारी

संध्याकाळी सगळे गेल्यावर मागे वळले तर साखळीचा आकडा मोकळा लोंबत होता. सकाळी मी अडकवला होता. ओढून बघितला होता, दोनदा जाऊन पुन्हा बघितला होता. म्हणजे दिवसभरात कधीतरी निघाला, आणि त्या वेळेपुरतं बारकी आणि लोखंड यांच्यामध्ये फक्त माझा हात होता.

तिच्यावर भडकले. म्हटलं, तूच काढलास, तुझ्या त्या खऱ्याखुऱ्या कलेपायी. तिने आईची शपथ घेतली. मला मरायचं नाहीये वहिनी, म्हणाली, मला बघायचंय. काय बघायचंय ते सांगेना.

ह्यांना फोन केला. ते म्हणाले, लहानपणापासून हट्टीच आहे ती. दोष तिचा ठरला आणि मला शांत झोप लागली. ही गोष्ट मला आवडलेली नाही.

१८ फेब्रुवारी

वेल्डरदादांकडून तार घेऊन आकडा कडीला घट्ट आवळला. पकडीशिवाय निघायची नाही.

१९ फेब्रुवारी

तार नाही. आकडा मोकळा.

वेल्डरदादांवर ओरडले. ते आधी चुळबुळले, मग म्हणाले, ताई, तुम्हीच तर काढलीत. दुपारी. डाव्या हातात दोर होता आणि उजवा मागे नेऊन तुम्ही तार उलगडत होतात. पकड माझ्याच पेटीतली. मला वाटलं, तपासताय.

थट्टा करताहेत असं वाटलं. ते हसत नव्हते.

तार माझ्या पर्समध्ये सापडली. नीट वेटोळं करून ठेवलेली. मी ठेवते तशी.

२० फेब्रुवारी

बारकीला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल, मला घरी पाठवेल. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि माती बघावी तसा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, साखळी काढूनच टाकू. आता कुठे काम खरं व्हायला लागलंय.

मी म्हटलं, मी उद्याच्या गाडीने जाते. म्हणाली, जा की. दोर लोक धरतील. ती पिशवीवाली रोज येते, बघितलंस ना?

बघितलंय. पुढच्या रांगेत उभी असते.

गेले तर ती धरणार. राहिले तर मी.

२१ फेब्रुवारी

वेल्डरदादांना म्हटलं, आकडा कडीला कायमचा जोडून टाका. ते यंत्र घेऊन येईपर्यंत बारकीने साखळी कापून बाहेर टाकली होती. गोदामाच्या मालकीणबाई म्हणतात, सज्ञान बाई आहे, तिने सही केलीय, आणि आता उरलेल्या दोन दिवसांसाठी काय तमाशा करता.

ह्यांचा फोन. हसले. तुझ्यासारखीच्या हातून काय व्हायचंय, म्हणाले. मीही हसले. हात मांडीखाली दाबून बसले होते.

२२ फेब्रुवारी

साखळीशिवाय पहिला दिवस. कुणालाही दोर दिला नाही. मागणाऱ्यांना नाही म्हटलं. पिशवीवालीला दोनदा.

धरला. धरून ठेवला —

दोर हलका होता. दुपारी तर काही धरलंय असंच वाटेना. खाली बघितलं. दोन बोटं. बाकीची उघडी, सैल, झोपल्यासारखी.

वर बघितलं तर बारकी माझ्याकडे बघत होती. तिलाही दिसलं होतं. ती घाबरली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा — ओठ हलले, पण बोलायचं नाही ना. नियम.

दुसऱ्या हाताने कसाबसा आवळला.

घरी आल्यावर ती चपला न काढताच भिंतीला टेकून बसली. म्हटलं, बारके, पुरे, नको झोपूस तिथे. तिने उठून चपला काढून ठेवल्या. मग म्हणाली, उद्याचा शेवटचा दिवस वहिनी, तेवढा धर.

तेवढा धर.

जेवण झाल्यावर दोरीचा तुकडा घेतला. उजव्या मनगटाला गुंडाळला, डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली. पक्की. दोर असा बांधून घेतला तर बोटं उघडली तरी —

उजव्या हाताने बोटं मागे वळवली, टोक शोधलं, गाठ सोडली. घाई नाही. मी बघत होते. थांब म्हणाले नाही. का म्हणाले नाही?

पलीकडच्या खोलीत बारकी फेऱ्या मारतेय. तीही झोपलेली नाही.

उद्याचं काम: दोर मनगटाला वेल्डरदादांकडून बांधून घेणे. गाठ कोपराच्या वर, बोटं पोचणार नाहीत अशी. उजव्या हाताला आधी कळू द्यायचं नाही. पण हे लिहितोय तो उजवाच —