कोरी नळी

प्रिय ताई,

आधी चांगली बातमी. आमचं सहा महिन्यांचं काम वाचलं. परवापर्यंत ते पाण्यात गेल्यातच जमा होतं.

तुला माहीत आहेच, मी पालेभाज्यांतलं फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, मोजते. त्याच्याशिवाय न वाढणारे जंतू असतात. भाजीचा अर्क घातलेल्या नळीत ते सोडायचे. नळी जितकी गढूळ, तितकं फोलेट जास्त. शेजारी एक कोरी नळी ठेवतो. तिच्यात भाजीचा थेंबही नसतो, म्हणून ती नितळच राहायला हवी. या सोमवारी लावलेली गढूळ निघाली. मंगळवारचीही तशीच. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, दोष जुना असेल तर पालक, मेथी, सगळं पहिल्यापासून. पाणी बदललं, नळ्या तीनदा धुतल्या, धुणाऱ्या मावशींवर उगाच खेकसले.

गुरुवारी बाई अचानक मागच्या खोलीत आल्या, तेव्हा मी कपाटाआड उभी राहून बोटांनी गोळीचे दोन तुकडे करत होते. मी, जी दुसऱ्यांना चहाचा कप घेऊन दारातही उभं राहू देत नाही. पाकिटावरचं नाव वाचून बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि हसतच सुटल्या. फोलिक ॲसिड. जे मोजायचं तेच बोटांना लावून मी नळ्या हाताळत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरी सकाळी पोटात काही ठरत नाही, म्हणून या सोमवारपासूनच ती गोळी मी कामावर नेत होते. त्याआधीच्या सगळ्या कोऱ्या नळ्या नितळ आहेत. त्यामुळे फक्त हा आठवडा पुन्हा करायचा. मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, मला सोमवारीच शंका आली होती, पण नळीची नव्हे.

तुलाही आता कळलंच असेल. मागच्या दोन्ही वेळी मी सगळ्यांना आधी सांगून बसले आणि मग एकेकाला नाही म्हणून कळवताना जीव नकोसा झाला. म्हणून या वेळी तुझ्यापासूनही लपवलं. पण आज तपासणीत पडद्यावर ठोके दिसले, ताई. भराभर, अगदी नीट. भीती गेलेली नाही, तरी आज खूप हलकं वाटतंय. मागच्या वेळी तू फोनवर माझ्याबरोबर नुसती गप्प बसून राहिलीस. या वेळी हे वाचलंस की लगेच फोन कर, आणि खूप बोल.

तुझीच,
धाकटी