तीन तास बसायचा नियम

बाई, तुमच्या एका नियमामुळे माझी एक विद्यार्थिनी बारावीची परीक्षा द्यायची नाही असं ठरवून घरी बसली, म्हणून हे लिहिते आहे. नियम तुमचा असला तरी लावला मी, तेव्हा दोष तुमच्यावर ढकलायचा विचार नाही. पण ज्याला हे सगळं सांगावं असं माणूस शाळेत आता उरलेलं नाही. स्टाफरूममध्ये सांगितलं तर अर्धे म्हणतील, मॅडम तुम्ही फार कडक वागता, आणि बाकीचे म्हणतील, बरोबरच केलंत. मला दोन्ही ऐकायचं नाही.

तुम्ही वारलात तेव्हा माझी नोकरी नुकती पक्की झाली होती, आता मी निवृत्तीला आले. मधे काय झालं ते तुम्हांला ठाऊक असण्याचं कारण नाही. एक साथ आली आणि शाळांना कुलूप लागलं. मुलं फोनवर शिकू लागली, म्हणजे ज्यांच्या घरी फोन होता ती. तीन भावंडांत एक फोन, तोही वडील कामावरून परत आले की. मी पुरानी बस्तीत एका देवळाच्या ओट्यावर लांब लांब बसवून शिकवलं, तोंडाला फडकं बांधून, घसा बसेपर्यंत. दहावीची परीक्षा त्या वर्षी झालीच नाही. प्रश्न घरी पाठवायचे, मुलांनी उत्तरं लिहून शाळेच्या खिडकीत आणून द्यायची, आम्ही तपासायची. सगळे पास झाले. तीच मुलं यंदा बारावीला आहेत. सेंटर दुसऱ्या शाळेत, पहारा अनोळखी माणसांचा, पेपर तीन तासांचा, आणि यांतल्या एकानंही बोर्डाचा पेपर वर्गात बसून लिहिलेला नाही. दीड पान झालं की मनगट झटकतात. प्रश्न वाचून वर बघत राहतात, नेटवर्क यायची वाट पाहावी तसे. दिवाळीनंतर मी त्यांना शाळा सुटल्यावर रोज लिहायला बसवलं. आधी अर्धा तास, मग पाऊण, मग दीड. आमची शाळा हिंदी; एक पोट्टी म्हणाली, "मैडम, हाथ का रिचार्ज खतम हो गया." मी म्हटलं, पाणी पी आणि लिही. वर्ग हसला, पण लिहू लागला. जानेवारीपर्यंत बहुतेक जण अडीच तासांवर आले होते.

जी घरी बसली ती या रोजच्या लिहिण्यात कधी मागे नव्हती. अक्षर वाकडं, पण उत्तर नेमकं. प्री-बोर्डच्या, म्हणजे शाळेतल्या सराव परीक्षेच्या, पहिल्या पेपरला मात्र तासाभरानं तिनं हात वर केला आणि म्हणाली, "मैडम, मैं जाऊँ?" मी तिच्या कॉपीकडे, उत्तरांच्या वहीकडे, पाहिलं. चार ओळी लिहून खोडलेल्या, परत लिहून परत खोडलेल्या. मी म्हटलं, तीन तासांचा पेपर आहे, तीन तास बसायचं, काही येत नसेल तर प्रश्न वाच. ती बसली. पुढचे दोन तास तिनं पेन उचललं नाही. शेवटी माझ्या हातात कॉपी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही.

ते वाक्य तुमचंच होतं. मी तुमची विद्यार्थिनी होते, माझी छमाही, सहामाही परीक्षा होती, गणिताचा पेपर, तुम्ही पहाऱ्याला. दुसऱ्या तासात मला काही सुचेना, आकडे नुसते दिसत होते. मी उठून तुमच्या टेबलाशी गेले. तुम्ही वर न बघता म्हणालात, "बस. तीन तासांचा पेपर आहे, तीन तास बसायचं. काही येत नसेल तर प्रश्न वाच." मी रडत बसले आणि शेवटच्या वीस मिनिटांत एक उदाहरण सुटलं. ही गोष्ट मी तीस वर्षं प्रत्येक बॅचला सांगत आले. माझी ही विद्यार्थिनी यायची थांबल्यावर एका दुपारी डबा उघडताना मला त्या दिवसाचा राहिलेला भाग आठवला. पेपर संपल्यावर तुम्ही मला तात्यापाऱ्यात तुमच्या घरी घेऊन जाता. स्वयंपाकघरात पाटावर बसवता. स्टोव्ह पेटत नाही, तुम्ही त्याला पिन मारता, त्याला नावं ठेवता, आणि मग पोहे करून माझ्यासमोर ठेवता. पेपरबद्दल एक शब्द नाही. माझी माय तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यात होती आणि मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. तुम्हांला ते कसं कळलं, मी विचारलं नाही. मी तुमचा नियम उचलला आणि पोहे तिथंच सोडून आले. एवढ्या वर्षांत कुणा मुलीला वर्गाबाहेर गाठून, सकाळी काय खाल्लंस, असं मी विचारलेलं नाही.

आज तिचं प्रवेशपत्र ऑफिसात तसंच पडलं होतं. बाकी सगळ्यांनी नेलं होतं. परवा पहिला पेपर. मी ते आणि वाटपाचं रजिस्टर बगलेत घेतलं आणि तिच्या घरी गेले. आई दारातच मशीनवर साडीला फॉल लावत होती. ही माणसं मूळची भंडाऱ्याकडची. आई मराठी बोलते, पोरगी तिला हिंदीत उत्तर देते.

"या ना मॅडम. तिकडे नका बसू, त्या खुर्चीचा पाय हालते."

"काहून येत नाही ही शाळेत?" मी विचारलं.

"मले काही सांगत नाही. म्हणते, पेपर नाही देत. मी म्हटलं, मंग मशीनवर बस. तर तेही नाही."

पोरगी आतल्या दारात उभी होती. "मैं नहीं बैठूँगी मैडम. वहाँ पकड़ लेंगे."

"कोण पकडेल? तू काय केलंस?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मशीन थांबवली.

"तिनं नाही केलं, मॅडम. मी केलं. दहावीचं मीच लिहिलं होतं."

त्या वर्षी पोरगी तीन आठवडे तापानं पडून होती. पेन धरवत नव्हतं, आणि शेवटच्या दोन असाइनमेंट राहिल्या होत्या. "मी आठवी पास हाव. गाईड समोर ठेवलं न जसं होतं तसं उतरवलं. अक्षर माझं चांगलं आहे," आई म्हणाली.

"और क्या उतारा, पूछो मैडम. जहाँ गाइड में लिखा था, विद्यार्थी स्वयं करें, वो भी उतार दिया. पूरा. साफ-साफ अक्षर में."

"मले काय माहीत. म्हटलं, तेच उत्तर असन."

मग पोरीनं सांगितलं की मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, बोर्डात दहावीच्या कॉपीशी अक्षर जुळवून पाहतात. जुळलं नाही तर दहावी रद्द, आणि ज्यानं लिहिलं त्याच्यावर केस. तेव्हापासून ती आईसारखं अक्षर काढायचा सराव करत होती. "रोज़ की कॉपी में अपना लिखती हूँ मैडम. पेपर में मम्मी वाला लिखने जाती हूँ तो हाथ अटक जाता है."

बाई, दहावीचं विज्ञान माझ्याकडे होतं. आसपासच्या पाच झाडांचं निरीक्षण करून लिहा, असा प्रश्न, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात, विद्यार्थी स्वयं करें. मी ते तेव्हाच वाचलं होतं. हे मोठ्या बाईचं अक्षर आहे आणि त्या बाईला प्रश्न कळलेला नाही, हे एका नजरेत दिसत होतं. मी पाचांपैकी तीन गुण दिले आणि पुढची कॉपी ओढली. तुम्ही दिले नसते. त्या महिन्यात त्या खिडकीपर्यंत चालत जो आला त्याला शून्य द्यायला माझा हात उचलला नाही, हे खरं. पण मी तेव्हाच पोरीला बोलावून दोन शब्द बोलले असते तर तिनं दोन वर्षं हे ओझं वाहिलं नसतं. बोलले नाही, कारण बोलले असते तर वर कळवावं लागलं असतं.

मी तिला म्हटलं, "तुझं केव्हाच पकडलं गेलं आहे. मी पकडलं, दोन वर्षांपूर्वी. पुढे काय झालं?"

"क्या हुआ?"

"काही नाही. तू बारावीत आलीस."

आई म्हणाली, "मंग तीन कशाचे देल्ले, मॅडम?"

गुण तिला अजून पाठ होते. मी म्हटलं, "अक्षराचे." आई तोंडाला पदर लावून हसली. पोरगी हसली नाही, पण दारातून पुढे येऊन माझ्यासमोर बसली.

मी तिला कागद दिला आणि श्वसनावरचा एक प्रश्न घातला. तिच्याच अक्षरात लिहायचं, म्हणून सांगितलं. पहिल्या दोन ओळींत ती दोनदा थांबली, मग लिहीत गेली. ओळ चढती, मात्रा भलतीकडे. वाईट अक्षर आहे, बाई, पण उत्तर पूर्ण होतं. मी सांगितलं, जीव घाबरला तर हात वर कर, पाणी माग, पाच मिनिटं बाहेर जाऊन ये. तिनं विचारलं, "उठने देंगे?" मी म्हटलं, देतील. परवा सकाळी मी सेंटरच्या फाटकाशी उभी असेन. ती आत जाईल की नाही, हे आज मला सांगता येत नाही.

हे मी शिकवण्याच्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे. डायरी वर्षअखेरीला जमा करायची असते, त्याआधी ही पानं काढून घेईन. एक गोष्ट राहिली. त्या पेपरच्या दिवशी मी तिला बसवून ठेवलं त्याबद्दल माफी मागायची असं ठरवून गेले होते. चहा घेतला, रजिस्टर उघडलं, आणि माफी न मागता उठले. रजिस्टरात नोंद केली ती अशी: प्रवेशपत्र, एक, मूळ प्रत. फोटो आणि विषय तपासून विद्यार्थिनीच्या घरी दिलं. मिळाल्याची सही विद्यार्थिनीची.