विनीची शर्यत

सातारा, ता. ३ नोव्हेंबर १९४१

चि. सौ. अंबू हिस गोदाक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. शाळेसाठी तुझ्याकडे ठेवलेली माझी विनी शर्यतीत सगळ्या मुलींत पहिली आली, असं तू कौतुकानं लिहिलंस. पण अगं, नाताळात वाईचे वकील तिला मुलासाठी पाहायला यायचेत! सोळा वर्षांची घोडी ओचा खोचून मैदानात पळते, हे त्यांच्या कानावर गेलं तर पत्रिकाही परत करतील. आमच्या स्वारीला मुलींच्या व्यायामाचं भारी कौतुक. स्वतः अजून अजिंक्यताऱ्याची अर्धी वाटही चढलेले नाहीत. तेव्हा त्यांना न कळवता तूच हे बंद कर. रागावू नकोस, रागावलं की ती हट्टाला पेटते. तुझी जीभ मला ठाऊक आहे, तीच वापर.

घरच्या सर्वांस यथायोग्य. माया पातळ होऊ देऊ नये.

गोदाक्का

सांगली, ता. १९ नोव्हेंबर १९४१

ति. सौ. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तुझं काम फत्ते! रविवारी आमचा हरी चार मित्रांबरोबर पोहे खात बसला होता. त्याला तालमीसाठी रोज दूध-बदाम; बदाम खातो आणि तालमीला दांडी मारतो. तेवढ्यात विनी मैदानावरून आली, घामाघूम. मी सगळ्यांदेखत तिच्या पोटऱ्या दाखवल्या आणि आकाराम गड्याला विचारलं, हिला मोटेला जुंपली तर चालेल का. तो म्हणाला, व्हय की, लय जोर हाय. पोरं हसून लोळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला भर रस्त्यात बैल म्हणून हाक मारली. ती अर्ध्या वाटेतून परतली आणि न्हाणीघराला कडी लावून बसली. मला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आता ती अंगणातही येत नाही, लुगडं पायघोळ नेसते, भाकरी अर्धीच खाते. रंग मात्र उजळलाय हो!

धाकटीवर लोभ आहे तसाच ठेवावा.

अंबू

सातारा, ता. २ जानेवारी १९४२

चि. सौ. अंबूस, अ. आ. वि. वि.

काय सांगू तुला! वाईकर येऊन गेले. वकिलांनी म्हणे मुलींसाठी व्यायामशाळा काढली आहे! त्यांनी विनीला पहिलाच प्रश्न केला, की सूर्यनमस्कार किती घालतेस. हिनं पाय लुगड्यात लपवले. चालून दाखव म्हटलं, तर भिंत धरून चालली. अशक्त मुलगी नको, म्हणाले. इतक्यात धाकटी चारू परसात दोरीच्या उड्या मारून धापा टाकत आत आली आणि वकिलांना तीच पसंत पडली. मुलानं बिचाऱ्यानं सतरंजीवरची नजर शेवटपर्यंत वर केली नाही. वैशाखातला मुहूर्त धरतोय. लग्नानंतर चारूला व्यायामशाळेत घालणार आहेत. पोरीचे पाय जमिनीवर नाहीत, उठल्यापासून दोरी हातात. मीही तिला दूध सुरू केलंय.

विनीला आजच्या गाडीनं तुझ्याकडे पाठवते. चारूचं लग्न होईपर्यंत तिकडेच ठेव. थोरली घरात दिसली की लोक विचारतात, त्यांना काय सांगायचं? आणि तिला पुन्हा पळायला लाव. दुसरं स्थळ असलंच निघालं तर कामी येईल.

मुलांना आशीर्वाद. ओढ आहेच, ती राहावी.

गोदाक्का

सांगली, ता. ११ जानेवारी १९४२

चि. चारूस विनीताईचे आशीर्वाद.

तुझं लग्न ठरलं, सगळ्यांना आनंद झाला. मावशी मला रोज मैदानावर जा म्हणते. मी फाटकापर्यंत जाते आणि परत येते. ते असो.

तुला एक सांगायचं राहिलं. आईसमोर सांगता आलं नाही. तू धापा टाकत आत आलीस ना, तेव्हा तुझ्या होणाऱ्या यजमानांनी तुझ्याकडे पाहून तोंडाला रुमाल लावला. हसू दाबत होते. मी अगदी समोर बसले होते, म्हणून मला दिसलं. तुझी मान तांबडीलाल झाली होती आणि दंड पुरुषासारखे दिसत होते. वडिलांपुढे ते बोलले नाहीत इतकंच. व्यायामशाळेत गेलीस तर सगळी वाई हसेल, आणि त्यांना ते रोज ऐकावं लागेल. मी तुझी सख्खी बहीण म्हणून सांगते. दुसरं कोण सांगणार?

हे पत्र आईला दाखवू नकोस. दोरी सोडलीस की मला दोन ओळी लिही. मी वाट पाहते आहे.

माझा तुझ्यावर फार जीव आहे, तुझाही माझ्यावर राहू दे.

तुझी,
विनीताई