धुण्याच्या दगडाखाली

११ जानेवारी, शनिवार
वकिलांनी सांगितले म्हणून लिहिते आहे. "तोंडी काही टिकत नाही, तारीखवार लिहून ठेवा." तालुका कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत एकतीस वर्षे मी लोकांना हेच सांगत आले. आता स्वतःसाठी.
खानापूरचे माडीवरचे घर सोडून बेळगावात हे तळमजल्याचे घेतले ते ह्यांच्या खुब्याच्या दुखण्यासाठी. पायऱ्या नकोत, न्हाणी खोलीला लागून हवी. डिसेंबरात राहायला आलो. त्याच न्हाणीत घाण पाणी उलटे वर येते. ३० डिसें., ५ जाने., काल १० जाने. तिन्ही नळाचे दिवस (यापुढे न.दि.). एरवी कोरडे ठणठणीत.
काल घोट्याएवढे पाणी. त्यात निळीची रेघ. मी नीळ वापरत नाही.

१२ जानेवारी, रविवार
प्लंबर बसवराज आला. मागच्या अंगणातला धुण्याचा दगड हलेना. सिमेंटने बसवलेला. धुण्याचा दगड कोण सिमेंटने बसवतो? पहारीने उचलला. खाली चेंबर, आमच्या न्हाणीचे पाणीही त्यातच जाते. भिंतीपलीकडून एक जाड पाइप आत आलेला. बाहेर जाणारा त्याच्या निम्मा.
बसवराज म्हणाला, "बाई, हे तुमचं पाणी न्हाय. वरच्या चार घरांचं हाय. नळ आला की सगळी एकदम धुणी काढत्यात, टाक्या धुत्यात. तुमचं घर सगळ्यात खाली. जाणार कुठं ते?"
खरेदीआधी तीस वर्षांचे उतारे पाहिले. चतुःसीमा मोजल्या. कानडी कागद स्वतः वाचले, कुणाकडून वाचून घेतले नाहीत. कागदावर पाइप नाही.
हे खाटेवरून: "आज नळ नाही ना? मग आंघोळ उरकतो, मुहूर्त टळायच्या आत." हसले. मी नाही.

१३ जानेवारी, सोमवार
उद्यमबागेच्या कारखान्यांकडे गेले. ज्यांच्याकडून घर घेतले ते परशराम अण्णा तिथल्या एका फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर. सुट्टी झाल्यावर फाटकाशी गाठले.
"चेंबर माहीत होतं?"
"बानं शेजाऱ्यांना तोंडी परवानगी दिलती. मी शाळेत होतो तवा."
"मग सांगितलं का नाही?"
"तुम्ही सगळं विचारलासा, बाई. ह्ये तेवढं न्हाय विचारलासा."
घर पाहायला आम्ही तीनदा आलो. तिन्ही वेळा परशराम अण्णांचेच, "मी फोन करतो, तवा या." तिन्ही वेळा नळ नव्हता. आता उलगडले.
चहा मागवला त्यांनी. प्यायले नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
गल्लीतल्या बायका तिळगूळ घेऊन आल्या. पुढे शांताआक्का, भिंतीला लागून घर. आम्ही आलो त्या दिवशी आमटी-भात तिनेच आणून दिला होता. दगड बाजूला पडलेला दिसला आणि सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या.
विचारले, "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"
"व्हय." बोलली ती एकटी शांताआक्का. "आधी एक गिऱ्हाईक आलतं. आमच्यातलीच एक बोलून गेली, ते पळालं. परशराम लई पेटला. म्हणाला, आता कोण बोललं तर पाइपाला बूच मारतो आणि मगच घर विकतो. मग आम्ही गप बसायचं ठरवलं."
"आणि ती आमटी?"
"आमटी मनापासनं आणलती, बाई."
हे खरे वाटते. त्याचाच जास्त राग येतो.

१५ जानेवारी, बुधवार
वकिलांचे मत: परशरामना नोटीस पाठवू, पण निकालाला वेळ लागेल. जागा तुमची, पाइप बंद करा, मग बघा कसे पळत येतात. गवंड्याला उद्याचे सांगितले.

१६ जानेवारी, गुरुवार. न.दि.
सहाला नळ. आठला पाणी वर. ह्यांना न्हाणीत नेता येईना. खोलीतच भांडे द्यावे लागले. ह्यांनी तोंड भिंतीकडे केले. चाळीस वर्षांत असे कधी
हे लिहायचे नव्हते.
नऊला गवंडी. सिमेंट कालवून झाले. शांताआक्का भिंतीवरून, "बाई, घरात बाळंतीण हाय. वीस दिवस झाले नुस्ते. बंद केलासा तर तिच्या न्हाणीत येणार सगळं."
"माझ्या घरात येतं तेव्हा?"
तिथेच उभी राहिली. गेलीही नाही, रडलीही नाही.
गवंड्याला म्हटले, राहू दे. कालवलेले सिमेंट वाया नको म्हणून मागच्या दाराची फुटकी पायरी भरून घेतली.

१८ जानेवारी, शनिवार
चारी घरांना अंगणात बोलावले. चेंबर उघडेच ठेवले होते, प्रत्येकाने वाकून बघितले. मग सांगितले: न.दि.ला ह्यांची आंघोळ होईतो, म्हणजे साडेदहापर्यंत, कुणी मोरीत पाणी सोडायचे नाही. आणि हे कायमचे नव्हे. चारी घरांची लाइन पुढच्या बाजूने रस्त्याच्या गटाराला जोडायची. पालिकेला अर्ज मी लिहून ठेवला आहे. सह्या चारी मालकांच्या हव्यात.
मागून कुणीतरी, "शाळा भरली गं!" सगळ्या हसल्या. हसू देत.
तिघांनी जागेवर सही केली. शांताआक्काचे यजमान आप्पा तेवढे, "तीस वर्षं चाललंय, चालू दे की. माझा नवा कट्टा फोडू व्हय आता?"
शांताआक्का खाली बघत होती.

२१ जानेवारी, मंगळवार. न.दि.
साडेदहापर्यंत थेंब नाही. ह्यांनी दार लावून, सावकाश आंघोळ केली. आतून साबण खाली पडल्याचा आवाज, मग "आलो, आलो, येऊ नकोस." गेले नाही.
दहा चाळीसला पाणी. चार बोटे. निळेच.
पण असे किती दिवस? दुपारी पाहुणे आले, कुणाकडे लग्न निघाले, की मोडलेच म्हणायचे.

२४ जानेवारी, शुक्रवार
सकाळी परशराम अण्णा दारात. आत या म्हटले नाही. पिशवीतून ओतीव लोखंडाचे बूच काढले, ताटलीएवढे, जड.
"त्या पाइपाच्या मापाचं हाय. फौंड्रीतच करून घेतलतं. मारायचं धाडस झालं न्हाय. आता घर तुमचं, तर ह्ये बी तुमचंच."
नोटीस पोचली असावी.
शांताआक्का भिंतीपाशी. "काय दिलं वो त्यानं?" उचलून दाखवले. आत निघून गेली. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून आप्पांचा आवाज, मग तिचा. तिचा चढा. शब्द कळले नाहीत. दुपारी बारापर्यंत आप्पांच्या सहीची वाट पाहिली. कुणी आले नाही.
पालिकेत टपाल खिडकीवर दिले: अर्ज एक, कानडीत, माझ्या हस्ताक्षरात. लाइनचा कच्चा नकाशा एक. सह्या तीन. चौथी जागा मोकळी, आप्पांचे नाव पेन्सिलने. शिक्क्याची पोच घेतली.
परशराम यांच्याकडून घेतले: बूच, लोखंडी, नग एक. त्यांना तशी पोच लिहून दिली.